मदत हवी आहे: टोकियोत शाबू-शाबू ताबेहोदाई, सहांपैकी दोघं शाकाहारी

शनिवारी टोकियोत सहा जण शाबू-शाबू (टेबलावरच्या उकळत्या रश्शात मांसाचे पातळ काप आणि भाज्या शिजवून खायचा जपानी प्रकार) ताबेहोदाईला, म्हणजे ठरावीक वेळेत हवं तेवढं खायच्या जेवणाला, जाणार आहोत. दोघं पक्के शाकाहारी, त्यांना अंडं आणि मासेही चालत नाहीत. वेळ १०० मिनिटं, शेवटची ऑर्डर ३० मिनिटं आधी, एका टेबलावर सगळ्यांना एकच कोर्स.

दोन कप्प्यांचं भांडं मिळतं, पण जोरात उकळी आली की मांसाकडचा रस्सा मधल्या पत्र्यावरून उडतो. आच मंद ठेवली तर मांसाचे पातळ काप शिजतात, गाजर आणि हाकुसाईचे (चायनीज कोबीचे) जाड देठ मात्र कच्चे राहतात. खरी अडचण रश्शाची. ‘कोम्बू दाशी’ (कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ) नावाच्या तयार रश्शातही कात्सुओ या माशाचा अर्क असू शकतो, पोन्झू या आंबट सोया सॉसमध्येही तेच. अ‍ॅलर्जीचा तक्ता पाहून झाला, पण त्यात साबा (मॅकरेल) आणि साके (सामन) हे मासे असतात, कात्सुओ नसतो. फोनवर नीट उत्तर मिळालं नाही. सॉस घरून न्यायला मनाई आहे. नुसत्या सोया सॉसवर भागेल.

दोघांना वेगळं भांडं, त्यात साधं पाणी आणि कोरड्या कोम्बूचा तुकडा एवढंच हवं, हे बुकिंग करताना जपानीत नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं?