एम.लिब.नंतर ग्रंथपालाने काय शिकावे?

तालिकाकार (सोलापूर)

गेल्या महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातील एक गृहस्थ आमच्या ग्रंथालयात आले. त्यांच्या आजोबांनी रचलेल्या तेलुगू भजनांची पुस्तिका त्यांना हवी होती. संगणकावर काहीच मिळेना, म्हणून मी जुनी दाखल नोंदवही काढली. तिच्यात ‘तेलुगू, लहान, हिरवे कव्हर’ एवढीच नोंद होती. कपाटे उपसून पुस्तिका सापडली, पण मुखपृष्ठावरचे नाव मला वाचता आले नाही. ते त्या गृहस्थांनीच वाचून दाखवले.

मी एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) केले आहे आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही उत्तीर्ण आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६, उर्दूला ८९१.४३९, कन्नडला ८९४.८१४ आणि तेलुगूला ८९४.८२७ हे क्रमांक आहेत, ते मला पाठ आहेत. तथापि तेलुगूत घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर लिहिण्याची रीत आहे, तोच लेखक मराठीत लिहिताना आडनाव शेवटी घालतो, आणि त्यामुळे आमच्या तालिकेत (ग्रंथसूचीत) एका माणसाची दोन माणसे होतात, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. अशी दोन रूपे जोडण्यासाठी ऑथॉरिटी नोंद, म्हणजे नावाचे एक रूप प्रमाण धरून बाकीची त्याला जोडणारी नोंद, करावी लागते. परीक्षेत मी तिची व्याख्या लिहिली होती; प्रत्यक्षात एकही नोंद केली नव्हती.

एम.लिब.नंतर आपल्यापुढे आता संशोधन-पदवीची पीएच.डी. हीच एक वाट उरली आहे, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले. अमेरिकेत इलिनॉयसारख्या विद्यापीठात पदव्युत्तर पदवीनंतर, डॉक्टरेटच्या अलीकडे थांबणारे प्रगत प्रमाणपत्र असते. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने नोकरीतील ग्रंथपालांसाठी असा एक वर्षाचा, शनिवार-रविवारी चालणारा अभ्यासक्रम सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात बहुभाषिक तालिकीकरण, जुन्या कागदाचे जतन आणि मोडीची ओळख असावी, आणि प्रत्येकाने आपल्याच ग्रंथालयातील एखादे दुर्लक्षित कपाट पूर्ण नोंदवून दाखवावे.

महाविद्यालयीन ग्रंथपाल

आपली तळमळ समजते, परंतु प्रस्ताव पटत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पीएच.डी. असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथपालाला पहिल्या पदोन्नतीसाठी चार वर्षे पुरतात, तर पीएच.डी. किंवा एम.फिल. नसलेल्याला सहा वर्षे थांबावे लागते. विद्यापीठाच्या उपग्रंथपालपदाला तर पीएच.डी. अनिवार्यच आहे. ज्या प्रमाणपत्राला नियमात जागा नाही, त्यासाठी वर्षभराचे शनिवार-रविवार कोण देईल? शिवाय प्राध्यापक मंडळी ग्रंथपालाला बरोबरीचे मानू लागली ती संशोधन-पदवीमुळेच. मी पंचवीस वर्षे हे जवळून पाहिले आहे. ती प्रतिष्ठा आपणच पातळ करू नये.

तालिकाकार

पीएच.डी.ला माझा विरोध नाही. पण आपल्या विषयातील बरेच प्रबंध वाचकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उभे असतात. त्यातून संशोधनाची शिस्त लागते हे खरे, मात्र हिरव्या कव्हराचे पुस्तक नोंदवण्याचे कसब हाताला येत नाही. या दोन गरजाच वेगळ्या आहेत. नियमांचेच म्हणाल, तर त्याच पदोन्नतीसाठी ऑटोमेशन व डिजिटायझेशनवरील किमान पाच दिवसांचे प्रशिक्षणही लागते. पाच दिवसांना जर नियमात जागा मिळते, तर वर्षभराच्या कामाला ती मिळावी, ही मागणी आपण एकत्र येऊन का करू नये?

वाचनालय सेवक (बार्शी)

आपण दोघेही महाविद्यालयातले आहात, म्हणून हा वाद आपल्याला परवडतो. आमच्यासारख्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयात सकाळी कुलूप उघडणारा, वर्तमानपत्रे लावणारा, देवघेव सांभाळणारा आणि अनुदानाचे कागद भरणारा माणूस एकच असतो. आमच्याकडे बी.लिब. झालेली एक हुशार मुलगी होती. मानधनात भागेना, म्हणून तिने कापड दुकानात हिशेबाचे काम धरले. १९६७ चा ग्रंथालय कायदा होऊन इतकी वर्षे झाली, तरी आमच्या सेवकांना वेतनश्रेणी नाही. पदे आणि वेतन आधी द्या. शिकलेली माणसे टिकत नसतील, तर त्यांना आणखी शिकवून काय साधणार?

तालिकाकार

वेतनाबाबत आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि मूळ लेखात तो मुद्दा यायला हवा होता. फक्त ‘आधी’ या शब्दाशी मी अडखळतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले ते नेमणूक झाल्यानंतर. शिक्षण हा नोकरीचाच भाग मानला गेला, म्हणून ते घडले. आपल्या सेवकांनाही पगारी रजा आणि शुल्कमाफी मिळावी, अशी अट अभ्यासक्रमातच घालावी लागेल. तिच्याशिवाय तो केवळ आमच्यासारख्यांचा होईल, हे आपले निदान बरोबर आहे. पण वेतनश्रेणीची वाट पाहत असताना कागद मात्र थांबत नाही. त्या पुस्तिकेची पाने कडेने तुटू लागली आहेत.

वाचनालय सेवक (बार्शी)

अट लेखी असेल, तर मी विरोध करणार नाही. तोंडी आश्वासने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. एक विचारतो. आमच्याकडे कन्नड पुस्तकांची दोन कपाटे आहेत आणि कन्नड वाचणारा कोणी नाही. त्यांची नोंद कशी सुरू करावी?

तालिकाकार

अक्कलकोटकडचा कन्नड वाचणारा एक निवृत्त शिक्षक शोधा आणि प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा व शीर्षकपानाचा फोटो काढून ठेवा. लेखकाचे नाव कन्नडमध्ये जसे छापले आहे तसेच उतरवा, त्याखाली देवनागरीत लिहा, आणि आडनाव कोणते हे त्या शिक्षकांना विचारल्याशिवाय शब्दांचा क्रम बदलू नका. पुढच्या रविवारी मी बार्शीला येतो. पहिले कपाट आपण मिळून करू.