टीकेइंटर कॅनव्हासवर कावीची सहा पाकळ्यांची नक्षी: पाकळी भरायची कशी?

कंपासपेटी:
गोव्यात पेडणे तालुक्यात हायस्कुलात चित्रकला शिकवते. शाळेत कोडिंग सुरू झाल्यापासून संगणकाचे सर आणि मी नववीचे काही तास एकत्र घेतो. मुलं आधी कागदावर कंपासने काढतात, मग तेच पायथनमध्ये टीकेइंटरच्या (खिडक्या आणि चित्रं काढून देणारी पायथनची लायब्ररी) कॅनव्हासवर. यंदा कावी घेतलीय. मोरजीच्या मोरजाईचं देऊळ ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, तिसऱ्याला मज्जाव.

सहा पाकळ्यांचं फूल कंपासने मुलं झोपेतही काढतील. एक वर्तुळ, तीच त्रिज्या घेऊन परिघावर सहा खुणा, आणि प्रत्येक खुणेवरून तेवढ्याच त्रिज्येचा कंस. कॅनव्हासवर क्रिएट_ओव्हलने वर्तुळं छान येतात. पण पाकळी म्हणजे दोन वर्तुळांचा सामाईक भाग. तेवढाच पांढरा कसा करायचा? फिल दिला की अख्खं वर्तुळ पांढरं होऊन खालचं सगळं गिळून टाकतं.

दुसरं, मधोमध हाताने काढलेल्या मोराचं स्कॅन टाकायचंय. ओळी फंक्शनबाहेर असल्या तर मोर दिसतो, फंक्शनमध्ये नेल्या की नुसती कोरी जागा. एरर म्हणाल तर काही नाही. सर म्हणतात शाळेचे संगणक जुने झाले. मला काही ते पटत नाही.

जांभा_चिरा:
बाई, संगणकांवर आळ नको. आधी पाकळी.

टीकेइंटरला दोन आकारांचा सामाईक भाग काढता येत नाही, आणि खरवडणंही नाही. जे नंतर काढाल ते वर बसतं, एवढंच त्याला कळतं. म्हणून कॅनव्हासची पार्श्वभूमीच कावेच्या रंगाची ठेवा आणि पांढरं वरून भरा.

आता पाकळीच्या मधून, फुलाच्या केंद्रापासून टोकापर्यंत, एक रेघ मनात ओढा. पाकळीचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा म्हणजे नववी-दहावीच्या भूमितीतला वर्तुळखंड, ६० अंशांचा. क्रिएट_आर्क नेमकं हेच काढून देतं. फक्त स्टाइल 'कॉर्ड' द्या. काहीच दिलं नाही तर वर्तुळपाकळी येते, ती इथे कामाची नाही.

पाकळीची दिशा थीटा धरा. एका तुकड्याच्या वर्तुळाचं केंद्र परिघावर थीटा अधिक ६० अंशांवर; त्याचा स्टार्ट (कंस सुरू होतो तो कोन) थीटा अधिक २४०. दुसऱ्याचं केंद्र थीटा उणे ६० वर. स्टार्ट थीटा अधिक ६०. एक्स्टेंट (कंस किती अंश पसरतो ते) दोन्हींना ६०. थीटा ० पासून ६०-६० ने वाढवत सहा वेळा फिरवा. क्रिएट_आर्कला केंद्र आणि त्रिज्या चालत नाही, वर्तुळाभोवतीच्या चौकोनाचे दोन समोरासमोरचे कोपरे लागतात, म्हणजे केंद्रातून त्रिज्या वजा आणि अधिक. ते ओव्हलमध्ये तुम्ही केलेलंच आहे. आउटलाइनही पांढरी द्या. नाहीतर ती काळी येते, आणि रिकामी ठेवली तर दोन तुकड्यांच्या सांध्यात कधीकधी तांबडी रेघ डोकावते.

मुलं हमखास अडकतील ती जागा वेगळीच. कॅनव्हासवर वाय खाली वाढतो, पण आर्कचे कोन वहीतल्यासारखे घड्याळाच्या उलट मोजले जातात. म्हणून केंद्राचा वाय काढताना साइनचा गुणाकार वजा करा. अधिक केलात तर तुकडे भलतीकडे जाऊन पडतात आणि वर्गात हशा. शिवाय साइन-कोसाइनला रेडियन लागतात, आर्कला अंश.

मोराचं असं: क्रिएट_इमेज कॅनव्हासला चित्राचं नुसतं नाव देतं. चित्र असतं फोटोइमेजच्या ऑब्जेक्टकडे. फंक्शन संपलं, तो ऑब्जेक्ट कुणी धरून ठेवला नाही, की पायथन त्याला मोडीत काढतो आणि चित्रही जातं. कॅनव्हास_डॉट_मोर असं काही नाव देऊन तिथे तो साठवा, संपला प्रश्न. आणि अँकर 'एनडब्ल्यू' (म्हणजे वरचा डावा कोपरा) दिला नाही तर दिलेला बिंदू चित्राचा मध्य मानला जातो. मोर फुलाच्या मध्यावरच हवा असेल तर हे तुमच्या पथ्यावरच.

मडगावकर_क्यूटी:
एवढा खटाटोप कशाला? पायक्यूटीत (पायथनचीच दुसरी चित्र-लायब्ररी) क्यूपेंटरपाथला 'इंटरसेक्टेड' आहे, सामाईक भाग काढून देणारं; दोन वर्तुळं द्या, पाकळी तयार. शिवाय अँटिअलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणं, एका ओळीत. विंडोजवर टीकेइंटरच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

जांभा_चिरा:
कडांचं खरं आहे. मॅकवर गुळगुळीत येतात, विंडोज आणि लिनक्सवर नाही. पण नववीच्या पोरांना पाकळी आयती मिळाली तर दोन कंस शिकणार कोण? टीकेइंटर विंडोजवर पायथनबरोबरच येतं, शाळेत वेगळं काही इन्स्टॉल करायला परवानग्या मागत फिरावं लागत नाही. आणि पायक्यूटीच्या क्यूपेंटरमध्ये ड्रॉकॉर्ड (वर्तुळखंड काढणारं) वापरायची वेळ आलीच तर कोन अंशाच्या सोळाव्या भागात द्यायचे, म्हणजे ६० च्या जागी ९६०. ते तुम्हीच समजवा वर्गाला.

कंपासपेटी:
देव बरें करो! फूल आलं, मोरही बसला. पोरांना आता पाकळीवर क्लिक केलं की ती तांबडी व्हायला हवीय. पण क्लिक कुठेही करा, शेवटचीच पाकळी बदलते. आणि चतुर्थीच्या सुट्टीआधी हे सगळं मोठं छापून भिंतीवर लावायचंय, स्क्रीनशॉट पुरेल?

जांभा_चिरा:
लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिलाय ना? तो टॅगचं (आकाराला दिलेल्या खुणेचं) नाव क्लिकच्या वेळी बघतो, तोवर लूप शेवटच्या पाकळीवर पोचलेला असतो. 'लॅम्डा ई, टी=टॅग' असं लिहा. पाकळीच्या दोन्ही तुकड्यांना एकच टॅग द्या, नाहीतर अर्धीच रंगेल. आणि टॅग नुसता आकडा नको, कॅनव्हास त्याला आकाराचा क्रमांक समजतो, 'पाकळी३' चालेल.

छापायला स्क्रीनशॉट नको. आधी कॅनव्हासचं अपडेट, मग पोस्टस्क्रिप्ट हे मेथड, ते छपाईची फाइल बनवतं. फाइलमध्ये कंस कंस म्हणूनच जातात, कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ. मोर मात्र पिक्सेलचाच राहील, भिंतीएवढा केलात तर त्याचे चौकोन मोजता येतील. तो एखाद्या चांगला हात असलेल्या पोराकडून क्रिएट_पॉलिगॉनने काढून घ्या, स्मूथ 'ट्रू' देऊन.