अनुभव धागा: टर्बो पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग किती किलोमीटरला बदलता?

घाटमाथा:
पाऊस सुरू झाला की चोर्ला आणि आंबोली घाटात हे ठरलेलं. चढावर पाय दाबला की गाडी ओढ घ्यायच्या ऐवजी उचक्या देते. ते बघून जुने दिवस आठवले, स्कूटरचा प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, परत लावायचा. टर्बो पेट्रोलला ती सवय चालत नाही. मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर निकेलच्या टोकाचा साधा प्लग २० ते ३० हजार, इरिडियम या टिकाऊ धातूच्या टोकाचा ४० ते ६० हजार किमी धरा. इरिडियम लाखभर चालतो हे गणित बिगर-टर्बो गाड्यांचं आहे. तुमच्याकडं काढल्यावर काय दिसतं, लिहा.

उद्यमबाग_फिटर:
सगळा खेळ गॅपचा हाय, म्हणजे प्लगच्या ज्या दोन टोकांत (इलेक्ट्रोड) ठिणगी उडते त्यांच्यातलं अंतर. टर्बो हवा दाबून भरतो, त्या दाट हवेतनं ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणून गॅप मुळातच कमी ठेवलेला, बऱ्याच गाड्यांत ०.७ ते ०.८ मिमी. इलेक्ट्रोड झिजून तो ०.९-१ वर गेला की सपाटीला कळतसुद्धा नाही, घाटात बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की मिसफायर, म्हणजे पेट्रोल पेटतच नाही. वर प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलला ताण. प्लगचे पैसे वाचवायला जाऊन कॉइल जाते.

निपाणी४८:
नेक्सॉन, व्हेन्यू १.०, कुशाक १.०, फ्रॉन्क्स टर्बो, सगळ्या तीन सिलिंडरच्या. म्हणजे तीनच प्लग. एक खराब दिसला तरी तिन्ही बदला.

शहापूरची_वैनी:
आमची डिझेल हाय, तिला पण बदलायचे काय?

घाटमाथा:
वैनी, डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. ग्लो प्लग असतो, थंड इंजिन चालू करायला. तो बिघडला की बदलायचा.

शहापूरची_वैनी:
बरं झालं विचारलं. गॅस बंद करून येते, बाकीचं नंतर वाचते.

खानापूर_रोड:
घरी काढणाऱ्यांनी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. इंजिनच्या वरच्या गरम अॅल्युमिनियम भागातनं (हेड) प्लग काढला तर आटे सोलून येतात. कॉइलचं कनेक्टर काढा, बहुतेक गाड्यांत १० चा एक बोल्ट, कॉइल सरळ वर ओढा. प्लग सैल करायच्या आधी खड्ड्यात हवा मारा, नायतर लाल माती थेट सिलिंडरात. आपल्याकडं ही माती कमी नाय. सॉकेट १४ किंवा १६ चं, आत रबर किंवा मॅग्नेट असलेलं. बसवताना पहिले आटे हातानंच.

उद्यमबाग_फिटर:
+१. आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर. १२ मिमी आट्याला १५ ते २० न्यूटन मीटर, १४ मिमीला २५ ते ३०. कोटिंगवाल्या प्लगला ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका, आटे घसरतात आणि पाना तोच आकडा दाखवत असताना प्लग जास्त आवळला जातो. इरिडियमची टोकं केसासारखी बारीक, नाण्यासारखा गेज घुसवून गॅप वाढवू नका. तारेचा गेज घ्या, नुसतं तपासा.

चिकोडीकर:
रंग बघा की. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा नुसत्या छोट्या फेऱ्या, चन्नम्मा सर्कल ते खडेबाजार. ओला तेलकट म्हणजे तेल आत जातंय. पांढरा फोड आलेला असेल तर तिथंच थांबा, प्लग जास्त तापलाय. नवीन प्लग घालून प्रश्न सुटणार नाय.

निपाणी४८:
तेल प्लगच्या खड्ड्यात साचलं असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. ते न बदलता प्लग घातले तर कॉइलचं रबर फुगून फाटतं.

घाटमाथा:
हीट रेंजचा, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्या नंबरचा, घोळ इथंच सांगतो. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग गार, बॉशमध्ये उलटं. नंबर सारखा दिसला म्हणून घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा.

खानापूर_रोड:
आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर पाय सोडा, घाट तसाच चढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो पार्ट प्लगच्या कितीतरी पट महाग. स्कॅनरवर पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरात मिसफायर) आलं तर दोन नंबरची कॉइल एक नंबरवर लावून बघा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली, तिथंच राहिला तर आधी प्लग बघा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट).

कुंदा_प्रेमी:
नेक्सॉन सीएनजी पण टर्बोच की. तिला वेगळं काय?

उद्यमबाग_फिटर:
व्हय. सीएनजी पेटायला व्होल्टेज अजून जास्त लागतं, त्यामुळं गॅप वाढलेला लवकर जाणवतो. दर सर्व्हिसला एक तरी प्लग काढून बघायला सांगा. पेट्रोलवर मऊ आणि गॅसवर उचक्या, ही खूण पक्की.

चिकोडीकर:
आंबोलीचा रस्ता आता कसा हाय? रविवारी जायचंय.

निपाणी४८:
धुकं बघून सकाळी उशिरा निघा अण्णा. आणि त्याआधी इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेऊ नका, कॉइलखाली पाणी साचतं आणि नवीन प्लग असूनही गाडी उचक्या देते.

कुंदा_प्रेमी:
टॉर्क पाना कुठला घेऊ?

खानापूर_रोड:
१२ मिमी आट्याला ५ ते २५ न्यूटन मीटरचा छोटा, १४ मिमीला ३० च्या वर जाणारा. चाकाच्या नटाचा मोठा पाना एवढ्या कमी आकड्याला भरवशाचा नसतो.