प्रतिसाद: कानातला बिल्ला आणि भरपाई

जनावराच्या कानातला नंबरचा बिल्ला (इअर टॅग) फक्त सरकारी दवाखान्यातल्या उपचारापुरता लागतो, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. शिवाय वीज, पूर किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि कानात बिल्ला नसेल, तर भरपाईही मिळत नाही. लम्पी या चामडीच्या साथरोगात दगावलेल्या दुधाळ गाईला ३० हजार आणि बैलाला २५ हजार रुपये मदत होती. एवढ्या रकमेवर कुणी पाणी सोडावं?

आमच्याकडे खरा घोळ होतो तो मालकाच्या नावाचा. सांगोल्याच्या बाजारात खिलार जातीचं खोंड घेतलं, बाजार समितीची पावती खिशात घातली की व्यवहार मिटला असं लोक धरून चालतात. पण बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर जुन्याच मालकाच्या नावावर राहतो. माझ्या चुलतभावाच्या गाईचं असंच झालं; नाव बदलायला विकणाऱ्याला गाठता गाठता त्याच्या नाकी नऊ आले. म्हणून बिल्ल्याचा नंबर लिहिलेला ग्रामपंचायतीचा विक्री दाखला विकणाऱ्याकडून बाजारातच मागून घ्या आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद बदला.