२०४१ चं भारत-चीन युद्ध: माझ्या कथेत काय पटत नाही?

शर्वरी_नाशिक
दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी लिहितेय. काळ २०४१. १५ जानेवारीच्या पहाटे चीनची चढाई होते, लडाखमधलं डेपसांगचं पठार आणि पँगाँग सरोवराचा दक्षिण काठ, दोन्हीकडे एकदम. त्याच संध्याकाळी पुण्याहून नायकाची पलटण विमानाने लेहला उतरते आणि दुसऱ्या सकाळी पँगाँगजवळच्या रेचिन-ला खिंडीच्या माथ्यावर लढते. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा जोजिलाचा बोगदा तोवर सुरू झालाय असं धरलंय. ड्रोन, सायबर हल्ले, उपग्रह याबद्दल भरपूर वाचलंय. मैत्रीण वाचून म्हणाली, "सिनेमा वाटतो." कुठे वाटतो ते काही सांगेना. तिकडे राहिलेल्या कुणी सांगाल का?

सुभेदार_खटाव
ताई, ड्रोनमधलं मला कळत नाही, ते सोडतो. मी सर्व्हिस कोरचा माणूस. सगळी नोकरी गाडी, रेशन आणि रॉकेलात गेली.

तुमची पलटण दुसऱ्या सकाळी लढणार नाही, निम्मी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, पडलेली असेल. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. खालून आलेल्या जवानाला तिथं आधी ६ दिवस काढावे लागतात, मग पंधरा हजारांपर्यंत ४ दिवस, त्याच्या वर आणखी ४. घाई केली की हॅपो होतो, म्हणजे फुप्फुसात पाणी. धडधाकट पोरगं रात्रीत जातं. २०४१ साली तोफा बदलतील, फुप्फुसं हीच राहणार. नायकाला ऑक्टोबरातच वर चढवा.

बोगद्याचं म्हणाल तर तो लेहपर्यंतची सोय करतो. पुढं पँगाँगकडं जायला चांग-ला खिंड आहेच, साडेसतरा हजार फूट. मे ते ऑक्टोबर आमच्या कानवाया, म्हणजे गाड्यांचे ताफे, चालायच्या त्या पुढच्या सहा महिन्यांचा माल चढवायला: पीठ, डाळ, रॉकेल, गोळा-बारूद. साधं डिझेल थंडीत थिजतं. सकाळी गाडी चालू करायला टाकीखाली शेगडी धरायचो, सांगू नये पण धरायचो. २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल आलं, ते आमच्या नशिबी नव्हतं.

लढाई तुम्ही जानेवारीत दाखवा, हरकत नाही. पण कोण टिकणार हे जुलैत किती गाड्या वर गेल्या त्यावर ठरलेलं असतं. तुमच्या कथेत जुलै नाहीच.

रणगाडा_राजा
काका, कुठल्या जमान्यात आहात? ब्रह्मोस आहे, राफेल आहे. २४ तासांत ल्हासा!

सुभेदार_खटाव
राजे, ल्हासातल्या पलटणीला पंचविसाव्या तासाला चहाची साखर कोण पोचवणार, तेवढं लिहा.

निमिष_डोंबिवली
विमानांचं थोडं. तिबेटमधले चिनी तळ फार उंच आहेत. न्गारी-गुन्सा चौदा हजार फुटांच्या वर. विरळ हवेत विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं घेऊन उडू शकत नाही. आपले तेजपूर, हाशिमारा सपाटीवर, तिथून भरलेलं विमान उठतं. लेहला मात्र आपल्यालाही तीच अडचण. १९६२ साली आपण लढाऊ विमानं वापरलीच नाहीत, त्यामुळे या फायद्याची परीक्षा कधी झालेली नाही.

जमिनीवर उलट. त्यांच्याकडे पठार आहे, अक्साई चीनमधून जाणारा रस्ता १९५७ पासून आहे, ल्हासाला रेल्वे २००६ मध्ये पोचली आणि २०२१ मध्ये न्यिंगचीपर्यंत, म्हणजे अरुणाचलच्या दारात. त्यामुळे जानेवारी त्यांना अगदीच अशक्य नाही. पण १९६२ ची लढाई २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि २१ नोव्हेंबरला त्यांनीच एकतर्फी थांबवली. बर्फाने खिंडी बंद होत होत्या, हेही त्यामागचं एक कारण मानतात. लडाखमधल्या रेझांग-ला खिंडीत १८ नोव्हेंबरला पडलेल्या, '१३ कुमाऊं' या पलटणीच्या जवानांचे देह थंडी सरताना सापडले. शिवाय सपाटीवरून आणलेल्या चिनी सैनिकालाही हवा मानवावी लागतेच. म्हणजे जमवाजमव शरद ऋतूतच उपग्रहांना दिसणार. 'अचानक पहाटे' हे मला तरी पटत नाही.

गोळीवाली_तारापूर
मी औषध कारखान्यात खरेदी बघते. पुण्यातलं घर दाखवणार असाल तर बॉम्ब नकोत, केमिस्टचं दुकान दाखवा. अँटिबायोटिक्सचा कच्चा माल आपण मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतो. गोदामात असतो तो काही आठवड्यांचा साठा. २०२० च्या सुरुवातीला तिकडचे कारखाने बंद पडले तेव्हा भाव कसे उडाले ते फोनवर बसून पाहिलंय. तेव्हा तर युद्धही नव्हतं.

शर्वरी_नाशिक
सगळ्यांचे आभार. १५ जानेवारी सोडणार नाही, हट्ट समजा. पण पहाट अचानक नसेल: सप्टेंबरपासून सगळ्यांना दिसतंय आणि दिल्लीत कुणी आकडे मान्य करत नाही, असं करते. नायक ऑक्टोबरपासून वर. सुभेदार काका, तीन महिने रात्री ती पोरं करतात काय?

सुभेदार_खटाव
पत्ते, आणि रॉकेल कुणी जास्त जाळलं यावरून भांडणं. एक ध्यानात ठेवा, बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, पेटती ठेवून झोपायची मुभा नसते. बंद बंकरात धूर साठला की झोपेतच माणूस जातो. पहाऱ्यावरचा संत्री येऊन विझवतो, आत शिव्या पडतात, तो गेला की कुणीतरी हळूच परत पेटवायला उठतो. तो 'कुणीतरी' तुमचा नायक करा, पहिल्याच प्रकरणात ओळख होईल.