करडा देवमासा: मुलांना बोटीतून दाखवायचा की कड्यावरून मोजायला लावायचा?

मेघना_सॅनडिएगो
मी इथे सॅन डिएगोत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. दर जानेवारीत आम्ही मुलांना बोटीने करडे देवमासे दाखवायला नेतो. यंदा मी बोट नको म्हणाले. त्याऐवजी पॉइंट लोमाच्या कड्यावर दुर्बिणी आणि वह्या घेऊन बसायचं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यांचे फवारे मोजायचे. पालक नाराज आहेत, म्हणून इथे मांडते.

अलास्काजवळचा बेरिंग-चुक्ची समुद्र ते मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्या आणि परत, असा यांचा वर्षाचा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरचा. उन्हाळ्यात उत्तरेला तळाचा गाळ तोंडात घेऊन त्यातले कोळंबीसारखे बारके जीव गाळून खातात. नंतरचे कितीतरी महिने जवळजवळ तेव्हा साठवलेल्या चरबीवरच निघतात. समुद्रातल्या बर्फाखाली वाढणारं शेवाळ तळाशी पडतं आणि त्यावर ते बारके जीव पोसले जातात. आता बर्फच आटत चाललाय. २०१६ च्या सुमारास हे देवमासे २७ हजारांच्या आसपास होते, २०२५ च्या अंदाजात १३ हजार. २०१९ ते २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर ६९० मेलेले सापडले, त्यातले कित्येक हडकलेले.

बोटीवरून मुलं काय घेऊन येतात? शेपटीचा फोटो, आणि शिकार थांबली, १९९४ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून नाव निघालं, म्हणजे देवमासा वाचला, एवढंच. मला ही अर्धी गोष्ट शिकवायची नाही.

बाहा_भटका
पूर्ण असहमत. तुम्ही बाहातल्या सान इग्नासिओच्या खाडीत जाऊन या. एकोणिसाव्या शतकात शिकारी तिकडच्या खाड्यांत शिरून पिल्लांवर भाले टाकायचे, आया बोटी फोडायच्या, म्हणून यांचं नाव पडलं 'सैतान मासा'. स्थानिक कोळी पुढे कित्येक वर्षं यांच्यापासून लांब राहिले. १९७२ मध्ये पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीला एक देवमासा येऊन अंग घासायला लागला, आणि त्याने भीत भीत हात लावला. आज तिथली कितीतरी घरं याच पाहुण्यांवर चालतात. पुढे मित्सुबिशी आणि मेक्सिको सरकार मिळून तिथे प्रचंड मिठागर काढायला निघाले, तेव्हा जगभरातून विरोध झाला आणि २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष सेदियोंनी तो प्रकल्प रद्द केला. त्या विरोधाला बळ कुठून आलं? हात लावून आलेल्या माणसांकडून!

माझ्या मुलीने दहाव्या वर्षी हात लावला. कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते. ती आज सागरी जीवशास्त्र शिकतेय. वहीने हे होत नाही.

मेघना_सॅनडिएगो
दादा, मायोरालांची गोष्ट मीही वर्गात सांगते. पण तिथे होडी थांबलेली असते आणि देवमासा आपणहून येतो. आमच्याकडे तो साठवलेल्या चरबीवर वाट चालत असतो आणि आपण मागे लागतो. नव्वद मीटर अंतर ठेवा असं सांगतात. गेल्या मोसमात आमच्यासकट पाच बोटी एकाच देवमाशाभोवती होत्या. तो खाली गेला तो बराच वेळ वर आलाच नाही. मुलं टाळ्या वाजवत होती आणि मला तिथे उभं राहवेना.

कोकणकडा
मेघनाताईंना +१. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना लोक दोरीपलीकडून बघतात. हात लागला नाही म्हणून कुणाची माया कमी झालेली मी पाहिली नाही.

सियाटलचा_सुहास
"शिकार थांबली" हे वाक्य दोघेही फार सहज घेताय. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला मकाह हे मूळनिवासी लोक आहेत. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण देवमाशाच्या शिकारीचा हक्क राखून ठेवला. व्यापारी शिकाऱ्यांनी देवमासे संपवत आणले तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी स्वतः शिकार थांबवली. १९९९ मध्ये एक मारला आणि २०२४ मध्ये सरकारने मर्यादित परवानगी पुन्हा दिली. माझं मत परवानगीच्या बाजूने आहे, कारण देवमासे संपवले ते त्यांनी नव्हे. वर्गात हा वाद घ्या. बोट की कडा हा त्यापुढे लहान प्रश्न आहे.

आर्यची_आई
मी अशाच शाळेतली पालक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला ६९० मेलेले देवमासे कशाला सांगायचे? माझा आर्य वणव्याच्या बातम्यांनी आधीच रात्री उठून बसतो. त्याला आधी जिवंत देवमासा डोळे भरून पाहू दे. आणि कड्यावर दोन तास बसून काहीच दिसलं नाही तर?

मेघना_सॅनडिएगो
सुहास, मकाह घेते, त्याला दोन तास तरी देते.

आर्यच्या आई, तुमची काळजी मला कळते. पण माझ्या वर्गातली मुलं किनाऱ्यावर मेलेला देवमासा पाहून मलाच विचारायला आली होती, आणि मी विषय बदलला तेव्हा ती जास्त घाबरली. हातात काम दिलं की ती सावरतात, असा माझा अनुभव आहे. मॉन्टरेच्या दक्षिणेला ग्रॅनाइट कॅन्यनच्या कड्यावरून शास्त्रज्ञ असेच हिवाळाभर मोजत बसतात, आणि तो १३ हजारांचा अंदाज त्याच मोजणीतून आलाय.

काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, वेळ घालून. त्यासाठी वहीत वेगळा रकाना आखलाय.