मैत्री भावना चुलतभावापाशी येऊन अडते, मदत हवी आहे

जय भीम मंडळी. मी परभणीकडचा. तीन वर्षांमागं इगतपुरीला 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासून पहाटे बसतो. आनापान (येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणं) जमतं. सोयाबीनच्या भावाचा विचार आला तरी श्वासावर परत येता येतं (उशिरा का होईना).

अडतं ते मैत्रीत, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या ध्यानात. विसुद्धिमग्गात (ध्यानावरचा जुना पाली ग्रंथ) क्रम दिलाय: आधी स्वतः, मग प्रिय माणूस, मग तटस्थ, शेवटी वैरी. तटस्थ म्हणून बसस्टँडवरचा चहावाला घेतो, तिथवर ठीक. पुढं चुलतभाऊ. यंदा पेरणीच्या वक्ताला त्यानं आमचा बांध नांगराची दोन तासं आत कोरला. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ (सगळे जीव सुखी होवोत) म्हणायला लागलो की त्याच्या ट्रॅक्टरचा फाळच दिसतो, दातावर दात घट्ट बसतात. ही कसली मैत्री, नुसतं पाठांतर!

अशा वक्ताला परत चहावाल्यावर यावं, की त्या आवळलेल्या जबड्याची संवेदनाच बघत राहावं? आणि मोजणीचा अर्ज भरलाय, तो तसाच ठेवला तर मैत्री खोटी ठरते का? आई म्हणते, आधी मोजणी कर, मग डोळे मिट. जुन्या साधकांनी स्वतःचा अनुभव सांगावा, पुस्तकं माझ्याकडं आहेत.